हवामानबदल कोणत्या तासाला?

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचण्यापूर्वी एक काम करा. वर्गाच्या भिंतीवर किंवा तुमच्या वहीच्या मागच्या पानावर जे वेळापत्रक असेल, ते समोर घ्या. मराठी आहे, गणित आहे, भूगोल आहे, शारीरिक शिक्षण आहे. कार्यानुभवाचाही एखादा तास असेल आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो मागून घेत असतील! आता या सगळ्या चौकटींत 'हवामानबदल' कुठे बसतो, ते शोधा पाहू.

बहुतेकांना त्या नावाची चौकट सापडणार नाही. याचा अर्थ तो विषय तुम्हाला कोणी शिकवतच नाही, असा नव्हे. अडचण वेगळीच आहे. हा विषय नेमका कोणाचा, हेच ठरवणे कठीण आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, शोषून घेतो. १८५९ साली जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने नळीत निरनिराळे वायू भरून हे मोजून पाहिले. हे झाले भौतिकशास्त्र. तोच वायू समुद्रात विरघळतो आणि पाण्याचा आम्लपणा वाढवतो, हे रसायनशास्त्र. त्यामुळे प्रवाळांचे काय होते, हे जीवशास्त्र. पावसाचे दिवस कसे बदलतात हा भूगोल, आणि दगडी कोळसा एवढा कोणी, कधी व कशासाठी जाळला हा इतिहास. हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे १९५८ पासून या वायूचे प्रमाण मोजत आहेत. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता हा आकडा ४२०च्या वर गेला आहे. त्या नोंदींचा आलेख काढणे हे गणित. मग हा धडा शिकवायचा कोणी? भूगोलाच्या बाईंनी की विज्ञानाच्या सरांनी? प्रत्येकाने 'तो दुसऱ्याच्या विषयात येतो' असे म्हटले, तर धडा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

हाच प्रश्न देशोदेशींच्या सरकारांपुढे आहे, आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवला आहे. आज आपण त्यांतल्या काही देशांच्या वर्गांत डोकावून येऊ. मात्र एक अट आहे. सरकारने काय जाहीर केले एवढ्यावर थांबायचे नाही. ते वेळापत्रकाच्या कोणत्या चौकटीत उतरले, हेही विचारायचे.

वचन सगळ्यांनीच दिले आहे

१९९२ साली हवामानबदलाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे सहावे कलम शिक्षण, प्रशिक्षण आणि लोकजागृती यांविषयी आहे. हे कलम प्रत्यक्षात कसे आणायचे याचा कार्यक्रम २००२ साली आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या परिषदेत ठरला, आणि म्हणून तो 'नवी दिल्ली कार्यक्रम' याच नावाने ओळखला गेला. पुढे २०१५च्या पॅरिस करारातही बाराव्या कलमात शिक्षणाची गोष्ट आलीच. जवळजवळ सर्व देशांच्या सह्या या करारांवर आहेत.

आणि शाळांत काय घडले? २०२१ साली युनेस्कोने १०० देशांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम तपासले. त्यांपैकी ४७ टक्के अभ्यासक्रमांत हवामानबदलाचा उल्लेखही नव्हता. मोठमोठ्या परिषदांत दिलेला शब्द पाठ्यपुस्तकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, याची कल्पना यावरून येते.

इटलीचे तेहेतीस तास

नोव्हेंबर २०१९मध्ये इटलीचे शिक्षणमंत्री लोरेंझो फिओरामोंती यांनी जाहीर केले, की पुढच्या सप्टेंबरपासून इटलीतल्या प्रत्येक सरकारी शाळेत हवामानबदल व शाश्वत विकास हे सक्तीने शिकवले जातील. वर्षाला ३३ तास, म्हणजे शाळेच्या दर आठवड्याला एक तास. बातमी जगभर गेली. असे करणारा हा पहिलाच देश, म्हणून सर्वत्र कौतुक झाले.

आता जरा कायदा उघडून पाहू. ऑगस्ट २०१९च्या ज्या ९२ क्रमांकाच्या कायद्याचा आधार होता, तो मुळात नागरिकशास्त्राचा कायदा आहे. त्यात वर्षाला किमान ३३ तास नागरिकशिक्षणाला दिले आहेत, पण त्या तासांत तीन वाटेकरी आहेत: देशाची राज्यघटना, शाश्वत विकास, आणि संगणक व इंटरनेट यांच्या जगात नागरिकाने कसे वागावे हा विषय. तिघांत सारखी वाटणी केली, तर शाश्वत विकासाला येतात अकरा तास! शिवाय हे तास वरून वाढवलेले नाहीत. आहे त्याच वेळापत्रकातून, आहेत त्याच शिक्षकांनी ते काढायचे आहेत. नवीन शिक्षक नाहीत, वेगळा पैसाही नाही. फिओरामोंती यांनी तर त्याच डिसेंबरात राजीनामा दिला. शिक्षणासाठी पुरेसा निधी मिळत नाही, हेच त्यांनी कारण सांगितले. सप्टेंबर २०२०मध्ये कायदा लागू झाला, तेव्हा घोषणा करणारा मंत्री पदावर नव्हता.

मग इटलीने काहीच केले नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अकरा तास का होईना, पण ते कायद्याने मोजून दिलेले आहेत, आणि या विषयाला गुण आहेत. तुम्हालाही ठाऊक आहे की ज्या विषयाला गुण असतात त्याची वही पूर्ण असते. पण दर आठवड्याला एक तास ही बातमी आणि प्रत्यक्षातली वाटणी यांत जे अंतर पडले, ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०२४ साली तिथल्या शिक्षणखात्याने या विषयाची मार्गदर्शक सूत्रे पुन्हा लिहिली आणि शाश्वततेच्या विभागाच्या शीर्षकात आर्थिक विकास हे शब्द आधी घातले. तास तेवढेच राहिले, पण त्यांत काय भरायचे ते बदलले.

फिनलंड आणि न्यू जर्सी

फिनलंडने अगदी उलटी वाट धरली. तिथे हवामानबदलाला वेगळी चौकटच नाही. २०१४ साली तयार झालेला आणि २०१६पासून शाळांत आलेला त्यांचा अभ्यासक्रम सांगतो, की कोणताही विषय शिकवताना सात व्यापक क्षमता वाढल्या पाहिजेत. त्यांपैकी सातवी म्हणजे समाजाच्या कामात भाग घेणे व शाश्वत भविष्य घडवणे. पहिली ते सहावीपर्यंत तिथे जीवशास्त्र, भूगोल, भौतिक, रसायन आणि आरोग्य असे पाच विषय मिळून 'परिसर' हा एकच विषय असतो. (महाराष्ट्रात तिसरी-चौथीत 'परिसर अभ्यास' शिकलेल्या तुमच्यासारख्यांना हे वाचून ओळखीचे हसू येईल.) शिवाय प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी अनेक विषय एकत्र गुंफलेला अभ्यास मिळालाच पाहिजे, असे बंधन आहे. म्हणजे सगळ्यांचे काम कोणाचेच होऊ नये, याची थोडी सोय केली आहे.

हे तिथे साधते याला एक कारण आहे, ते विसरू नये. फिनलंडमध्ये वर्गशिक्षक व्हायलाही पदव्युत्तर पदवी लागते आणि धडा कसा बांधायचा हे शिक्षकावरच सोपवलेले असते. नुसता अभ्यासक्रम उचलून दुसऱ्या देशात नेला, तर तो तसाच चालेल याची खात्री नाही.

अमेरिकेत तर राष्ट्रीय अभ्यासक्रम असा नाहीच; प्रत्येक राज्य आपले ठरवते. त्यामुळे 'अमेरिकेत हवामानबदल शिकवतात का?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कोणत्या राज्यात, असे विचारावे लागते. न्यू जर्सी या समुद्रकाठच्या लहानशा राज्याने जून २०२०मध्ये ठरवले आणि सप्टेंबर २०२२पासून अमलात आणले, की बालवर्गापासून बारावीपर्यंत हवामानबदल शिकवायचा, आणि तोही केवळ विज्ञानात नव्हे तर सात विषयांत. त्यांत कला आहे, परकीय भाषा आहेत, एवढेच काय पण शारीरिक शिक्षणही आहे! कवायतीच्या तासाला हवामानबदल कसला, असे तुम्ही म्हणाल. पण एप्रिल महिन्यात दुपारी बारा वाजता मैदानावर धावून पाहिलेल्या विदर्भातल्या मुलाला हे निराळे समजावून सांगायला नको. उकाड्यात शरीराचे काय होते, खेळाची वेळ का बदलावी लागते, हा धडा मैदानावरच चांगला शिकता येतो.

पुस्तकातून गळालेली पाने

इंग्लंडची हकीकत थोडक्यात सांगतो. २०१३ साली तिथे नवा अभ्यासक्रम बनत होता. त्याच्या कच्च्या मसुद्यात चौदा वर्षांखालील मुलांच्या भूगोलातून हवामानबदलाचा स्पष्ट उल्लेख गळाला. सरकारचे म्हणणे असे, की तो विज्ञानात आहेच. (वर आपण हेच म्हणत होतो, नाही का?) यावर गदारोळ झाला. विशेष म्हणजे अर्ज करून हजारो सह्या गोळा करणाऱ्यांत तुमच्याच वयाची, पंधरा वर्षांची, एक विद्यार्थिनी होती. त्याच वर्षीच्या जुलैत उल्लेख परत आला. हिमयुगापासून आजपर्यंत हवामान कसे बदलले हा भाग आता तिथल्या भूगोलात आहे, आणि माणसाने निर्माण केलेल्या कार्बन डायऑक्साइडचा हवामानावरचा परिणाम रसायनशास्त्रात.

असेच काहीसे आपल्याकडेही घडले. करोनाच्या साथीत बुडालेला अभ्यास लक्षात घेऊन २०२२ साली एनसीईआरटीने आपल्या पुस्तकांतला भार कमी केला. त्या वेळी दहावीच्या विज्ञानातला नैसर्गिक साधनसंपत्तीच्या शाश्वत व्यवस्थापनाचा धडा आणि बारावीच्या जीवशास्त्रातला पर्यावरणाच्या समस्यांचा धडा वगळला गेला. मुलांचे ओझे हलके करणे चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. पण ओझे कमी करताना पहिला हात कोणत्या धड्यांवर पडतो, हे पाहण्यासारखे आहे. शेवटचा धडा, 'इतरत्र येऊन गेलेला' धडा, परीक्षेत कमी गुणांचा धडा! पर्यावरणाचा धडा फार वेळा या तिन्ही वर्णनांत बसतो.

एक न कळलेला शब्द

आता जरा दूर, फिलिपाइन्सला जाऊ. तिथे थांबण्याचे कारण मोठे आहे.

सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. वर्षाला वीसच्या आसपास चक्रीवादळे त्याच्या परिसरात येतात. सप्टेंबर २००९मध्ये मनिला शहर अतिवृष्टीने बुडाले आणि पुढच्याच महिन्यात तिथे हवामानबदलाचा कायदा मंजूर झाला. प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात आणि पुस्तकांत हवामानबदल आणावा, असे हा कायदा शिक्षणखात्याला बजावतो. म्हणजे इटलीच्या दहा वर्षे आधी! कागदावर पाहिले तर या देशाचा नंबर पुष्कळच वर लागेल.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान हे प्रचंड चक्रीवादळ फिलिपाइन्सच्या किनाऱ्याला धडकले. ते येणार हे आधीच कळले होते आणि हवामानखात्याने इशाराही दिला होता. इशाऱ्यात वाऱ्याबरोबर 'स्टॉर्म सर्ज'चाही उल्लेख होता, आणि त्याची उंची काही मीटर असेल हेही सांगितले होते. तरीही ताक्लोबान शहरात हजारो माणसे किनाऱ्याजवळच राहिली. पाणी घरांवर चढून आले. सगळ्या देशात मिळून ६,३००हून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली पुष्कळशी वाऱ्याने नव्हे, तर पाण्याने. वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले, की स्टॉर्म सर्ज म्हणजे काय हे आम्हाला कळलेच नाही. त्सुनामीसारखे पाणी येणार आहे असे म्हटले असते, तर आम्ही डोंगरावर गेलो असतो.

स्टॉर्म सर्ज म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे का? वादळाच्या केंद्रात हवेचा दाब फार कमी असतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने वर येते. हैयानच्या केंद्रातला दाब सुमारे ८९५ हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. नेहमीचा दाब १०१० धरला, तर नुसत्या दाबामुळे पाणी चढते ते एक मीटरहून थोडे अधिक. उरलेले काम वारा करतो. तो समुद्राचे पाणी लोटत किनाऱ्याकडे आणतो; किनारा उथळ असला आणि आखात नरसाळ्यासारखे निमुळते असले, की लोटलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही आणि ते वर चढते. ताक्लोबान अशाच निमुळत्या आखाताच्या टोकाशी आहे.

आता आपल्या भाषेकडे या. आपल्या भूगोलात 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' हे शब्द आहेत. कोकणातल्या मुलांना तर ते पुस्तकाआधीच घरी कळलेले असतात. पण उधाणाची भरती चंद्र-सूर्यांच्या ओढीने अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येते. तिचा दिवस पंचांगात पाहून सांगता येतो. वादळामुळे चढणारे पाणी तिथी पाहून येत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. अशा वेळी 'समुद्राला उधाण येईल' एवढेच कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दर पंधरवड्याला येणारे ओळखीचे उधाणच येईल. या दोन पाण्यांतला फरक सांगणारा सोपा, रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द अजून आपल्या तोंडी बसलेला नाही. शिक्षकांनी आणि तुम्हीही यावर विचार करावा.

फिलिपाइन्सला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. कायदा होऊन चारच वर्षे झाली होती. पुस्तके बदलायला, शिक्षक तयार व्हायला याहून अधिक वेळ लागतो. आणि शाळेत शिकवलेले घरातल्या आजीपर्यंत पोचायला आणखी काही वर्षे जातात.

आपल्याकडे न्यायालयाने सांगितले

भारताची गोष्ट जगावेगळी आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पर्यावरणाची जाणीव सर्व वयांच्या लोकांत निर्माण करावी असे म्हटले होतेच. पण खरा धक्का दिला तो सर्वोच्च न्यायालयाने. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा. एवढेच नव्हे, तर चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाच्या वेळी पर्यावरणाविषयीचे संदेश फुकट दाखवावेत असेही सांगितले!

त्यानंतर बारा वर्षे गेली, आणि राज्ये नीट अंमलबजावणी करीत नाहीत असे दिसल्यावर डिसेंबर २००३मध्ये न्यायालयाने एनसीईआरटीला इयत्तावार अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. तो २००४ साली न्यायालयाने स्वीकारला. १९७६पासून शिक्षण हा केंद्र व राज्य दोघांच्याही अधिकारातला विषय आहे, त्यामुळे अमेरिकेसारखाच प्रश्न इथेही येतो: कोणत्या राज्यात? महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आहे. पाण्याला विषयाच्या नावातच जागा देणे हे मराठवाड्याचे उन्हाळे पाहिलेल्या राज्याला शोभण्यासारखेच आहे. पण त्या विषयाची प्रकल्पवही मोठ्या भावाकडून धाकट्याकडे कशी येते आणि मुखपृष्ठ बदलून कशी पुन्हा जमा होते, हे मी इथे सविस्तर सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तेव्हा आपल्याकडे न्यायालयाचा आदेश आहे, चौकट आहे, पुस्तक आहे. उणीव कोठे आहे? युनेस्कोने २०२१ साली निरनिराळ्या देशांतल्या शिक्षकांनाही प्रश्न विचारले होते. हवामानबदल शिकवणे महत्त्वाचे आहे असे ९५ टक्के शिक्षक म्हणाले. त्याचे गांभीर्य आपण शिकवू शकू, असे मात्र चाळीस टक्क्यांहून कमी शिक्षकांना वाटत होते. आणि आपल्या स्वतःच्या भागात त्याचे काय परिणाम होतात हे नीट समजावून सांगता येईल, असे म्हणणारे जेमतेम एक-तृतीयांश. मला स्वतःला ही शेवटची संख्या सर्वांत महत्त्वाची वाटते. ध्रुवावरचे बर्फ वितळते हे आपण सगळेच सांगू शकतो. पण आपल्या तालुक्यात गेल्या तीस वर्षांत पावसाचे दिवस वाढले की घटले, हे विचारले की गुरुजी आणि विद्यार्थी दोघेही एकमेकांकडे पाहतात.

केरळने यावर एक उपाय योजला. तिथे २०२२पासून भूगोल शिकवणाऱ्या दोनशेहून अधिक शाळांत लहान वेधशाळा उभ्या करण्याचे काम हाती घेतले गेले. पर्जन्यमापक, तापमापी, वाऱ्याची दिशा व वेग दाखवणारी साधने. आणि नोंदी ठेवायच्या विद्यार्थ्यांनी. यात पाठ करण्यासारखे काही नाही आणि मोठ्या भावाची वहीही चालत नाही, कारण गेल्या वर्षीचा पाऊस यंदा पडत नाही!

तुम्हीच मोजा

युनेस्कोने १०० देशांचे अभ्यासक्रम तपासले, ते मुख्यतः शब्द शोधून. तेच काम तुम्ही आपल्या वर्गात करू शकता. पाच-सहा जणांचा गट करा आणि आपल्या इयत्तेची सर्व पाठ्यपुस्तके वाटून घ्या. भाषेची आणि गणिताचीही सोडू नका. 'हवामानबदल', 'जागतिक तापमानवाढ', 'हरितगृह वायू', 'शाश्वत विकास' हे शब्द कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, किती वेळा येतात याचा तक्ता करा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा: तो धड्यातला मजकूर आहे की नुसती चौकटीतली माहिती, त्यावर स्वाध्यायात प्रश्न आहे का, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातले किंवा महाराष्ट्रातले एखादे उदाहरण आहे का. मग मुख्याध्यापकांकडून मागच्या वर्षीचे प्रत्यक्ष वेळापत्रक मिळवा आणि त्या धड्यांना किती तास मिळाले हे शिक्षकांना विचारा.

शेजारच्या गावातल्या किंवा दुसऱ्या मंडळाच्या शाळेतल्या मित्राकडूनही असाच तक्ता करून घेता आला, तर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. तक्त्यातला तिसरा रकाना, आपल्या भागातल्या उदाहरणांचा, दोन्हींकडे रिकामा राहिला तर तो भरायला पर्जन्यमापक लागेल. सरळ बाजूंची एक बाटली, एक नरसाळे आणि एक मोजपट्टी एवढ्यावर तो होतो. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजा, कारण आपले हवामानखातेही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजते. म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.